देवदत्तच्या आईची साक्ष

॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वीणावन्सं यांस अनेक आशीर्वाद.

पाकीट जाड बघून घाबरू नका, बातमी चांगली आहे. चांगली म्हणजे काय, सकाळपासून मी घरात फुगडी घालायची तेवढी राहिलेय. फोनच करणार होते. पण फोनवर तुमचं बोलणं मला डब्यात खडे वाजवल्यासारखं ऐकू येतं, आणि तुम्ही उलट मलाच म्हणता, वहिनी ओरडू नको. त्यापेक्षा कागद बरा. तिसरीपर्यंत बाईंनी जेवढं गिरवून घेतलं तेवढ्यावर माझं अजून निभतंय. देवदत्तची नेत्रा पत्ता लिहून देते आणि पेटीत टाकते.

तर बातमी अशी की मला सरकारनं बोलावलंय. खोटं नाही. कोलंबसला विधानभवन आहे ना, तिथं. मी, तासगावची अनसूया, तिथं खुर्चीवर बसून बोलणार आणि मेंबर लोक ऐकणार. आपल्या देवदत्तसाठी.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगितल्यासारखं वाटत नाही. देवदत्तचा आजार हाताबाहेर गेला तेव्हा त्यानं स्वतः सही करून स्वतःला त्या संस्थेत ठेवून घेतलं. उंच स्टीलची टाकी, आत कसला तो नायट्रोजन, इतका गार की झाकण उघडलं तर धूर निघतो. आज त्याच्या रोगाला औषध नाही, पुढं कधी निघालं की काढायचं, बरं करायचं, उठवायचं. लोकांना हे पटायला जड जातं. मला नाही गेलं. आपण तासगावात बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकतोच की. सीझनला भाव नाही म्हणून उकिरड्यावर ओततं का कोणी? ठेवायचा. भाव आला की काढायचा, तसाच्या तसा, हिरवागार. तुमचे दादा असते तर त्यांनाही हेच पटलं असतं, त्यांनी तर एकदा दोन वर्षं माल काढला नव्हता.

आता सरकारात कायदा येतोय. काही मेंबर म्हणतात, संस्थेनं मोठ्या अक्षरात लिहून द्यावं की माणूस परत येईल असा शब्द आम्ही देत नाही, आणि मग चालू दे. काही म्हणतात, नको, हे बंदच करा, आणि आधी ठेवलेल्यांनाही बाहेर काढून नातेवाइकांना द्या, पुरा नाहीतर जाळा. ऐकलंत? जाळा म्हणे! म्हणून ते दोन्हीकडच्या लोकांचं ऐकून घेणार आहेत.

आणि मला न्यायचं कुणी ठरवलं असेल? सांगा बघू. शैलजानं! मी म्हटलं, अगं तू? ती म्हणाली, "आई, तुम्हीच बोला. तुमच्याइतकं कुणाला बोलता येणार नाही." वन्सं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चार वर्षांत ही सून एकदा त्या संस्थेत आली नाही. देवदत्तच्या वाढदिवसाला मी आणि नेत्राच जातो, औक्षण करायला. तिथं निरांजन लावू देत नाहीत, म्हणून बॅटरीचा दिवा नेते. तिथली कॅरल बाई शेजारी हात जोडून उभी राहते. मी तिला सांगितलंय, बाई गं, औक्षण जिवंत माणसाला करतात, आमच्यात फोटोला ओवाळत नाहीत.

शैलजाचं तसं काही वाईट नाही हो. नोकरी करते, मला औषधं देते, दातांच्या डॉक्टरकडे नेते. माझी कवळी नवीन बसवली, बदाम फोडता येतो. वटपौर्णिमा करते, सांगितल्यावर. मंगळसूत्र काढू लागली होती तेव्हा मीच हात धरला. नवरा परगावी गेला म्हणून कोण काढतं? पण मंडळाच्या हळदीकुंकवाला जात नाही. परवा रथसप्तमीलाही डोकं दुखलं तिचं. दर वर्षी त्याच दिवशी दुखतं, थंडीनं असेल.

आता ती वळली. माझ्या देवाचं दार तिनंच उघडून धरलं असं झालं. मी काय नेसू ते लिहा. आणि काय बोलू तेही, तुम्ही शाळेत शिकवलेल्या.

तुमची वहिनी

---

अल्फारेटा, जॉर्जिया
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कावहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचताना तू समोर बसून बोलतेयस असंच वाटत होतं, मधे मधे मी "अगं पण" असंही म्हणून गेले.

निळी इरकल नेस, लाल काठाची. वरून कोट घाल, साडीवर कोट चांगला दिसत नाही म्हणून थंडीत कुडकुडू नकोस. यशोधन म्हणतो, मामीचा फोटो पेपरात येणार, तिला सांग हसू नको. मी म्हटलं, तिला ते जमायचं नाही.

काय बोलू विचारतेस. वहिनी, काही ठरवून जाऊ नकोस. भाषण पाठ करून गेलीस तर अडखळशील. ते विचारतील, नेत्रा तुला मराठीत सांगेल, तू मनात येईल ते सांग. औक्षण, त्याचे इस्त्री करून ठेवलेले शर्ट, तुला जी खात्री वाटते ती, सगळं. काही राखू नकोस. तुझ्यासारख्या माणसाचंच ऐकायचंय त्यांना.

शैलजाचा मलाही फोन आला होता. बराच वेळ बोललो. दमलीय ती. देवा जाऊन चार वर्षं झाली. आपलं वय झालं, तिचं अजून झालेलं नाही. हे आपलं सहज लिहिलं.

माझा गुडघा तसाच. नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी त्यांना मराठीत रागावते, त्यामुळे भांडण कधी पुरं होत नाही.

सुनावणी झाली की लगेच लिही.

तुझी वीणा

---

॥ श्री ॥

डब्लिन
६ मार्च २०२५

चि. सौ. वीणावन्सं यांस आशीर्वाद.

आधी भांडण. "देवा जाऊन" असं तुम्ही लिहिलंत. मास्तरीण असून असं लिहिता? तो गेलेला नाही, ठेवलेला आहे. यापुढं लिहू नका. झालं भांडण.

आता ऐका. जिंकले मी!

निळी इरकल नेसले. विधानभवन म्हणजे काय सांगू, आपल्या तासगावच्या गणपतीच्या गोपुरासारखं उंच नाही, पण आत सगळा दगड, आणि पोलिसांनी माझ्या पिशवीतला बॅटरीचा दिवा काढून उलटासुलटा करून बघितला. मी मेंबरांना दाखवायला नेला होता. नेत्रानं त्याला काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी परत दिला. चांगला मुलगा होता.

आमच्या आधी संस्थेचा वकील बोलला, मग एक म्हातारा बोलला, त्याची बायको तिथंच ठेवलीय. तो रडत होता. मी मनात म्हटलं, रडतोस काय, तुझी काय मेलीय का? मग माझं नाव पुकारलं. नेत्रा शेजारी बसली. शैलजा मागच्या रांगेत. एक गुलाबी कोटवाली बाई होती मेंबरांत, केस माझ्यासारखेच पांढरे, तिनंच विचारायला घेतलं. अगदी मऊ आवाज. नेत्रा मला सांगायची, माझं तिला सांगायची.

बाई म्हणाली, "तुमच्या मुलाला ठेवून घेताना संस्थेनं तुम्हाला काय सांगितलं?"

मी म्हटलं, "काही नाही. कॅरल म्हणाली, पुढचं आम्हाला माहीत नाही, आम्ही शब्द देत नाही."

वकील खूश झाला. मान डोलवायला लागला.

"मग तो परत येईल असं तुम्हाला वाटतं का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "वाटतं काय बाई, येणारच."

"पण ते तर शब्द देत नाहीत."

मी म्हटलं, "कसा देतील? चांगली गोष्ट आधी तोंडातून काढली की दृष्ट लागते. आमच्यात मुलीला दिवस गेले तर तिसरा महिना सरेपर्यंत शेजारणीला कळू देत नाहीत. पोट दिसायला लागलं तरी म्हणायचं, छे, कुठं काय, जेवण जास्त झालं. कॅरल शहाणी आहे. दर वर्षी मी तिला विचारते, दर वर्षी ती म्हणते शब्द देत नाही, आणि दर वर्षी माझी खात्री वाढते."

वकिलाची मान थांबली.

इथं नेत्रा माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, हे मी असंच सांगू?" मी म्हटलं, असंच सांग, एक शब्द गाळू नकोस. पोरीचा आवाज कापत होता. सर्दी झालीय, कोट उघडा टाकून हिंडते.

मग बाईनं एक कागद वर धरला, संस्थेचा. "हा तुम्हाला वाचून दाखवला होता? मोठ्या अक्षरात लिहिलंय की परत येण्याची कसलीही हमी नाही."

मी म्हटलं, "दाखवला की. मी तेव्हाच म्हटलं, किती जपतात हे लोक! एवढ्या मोठ्या अक्षरात नाही म्हणतात, म्हणजे मनात केवढं मोठं हो असेल!"

"आणि याहून मोठी अक्षरं असती तर?"

"तर आणखी बरं झालं असतं."

गुलाबी कोटवालीनं डोळे पुसले. खरंच पुसले. तिनं विचारलं, मुलासाठी काय काय ठेवलंय? मी शर्ट सांगितले, दर महिन्याला इस्त्री फिरवते ते. नवा चष्मा सांगितला. दिवा काढून दाखवला. म्हटलं, आणि मी एकटीच नाही, माझी सूनही वाट बघतेय, ती बघा मागं बसलीय, मंगळसूत्र बघा गळ्यात. सगळे मेंबर वळून शैलजाकडे बघायला लागले. शैलजानं मान खाली घातली. लाजली. एवढ्या लोकांत नवऱ्याचं नाव निघालं की लाजणारच.

शेवटी ती बाई खाली उतरून आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही आलात हे फार बरं झालं, तुमच्यामुळं मला सगळं स्पष्ट झालं. नेत्रानं हे सांगितलं तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वकिलाचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. दुसऱ्यानं खटला जिंकलेला वकिलांना आवडत नाही, तासगाव काय नि कोलंबस काय.

येताना शैलजानं दुकानात गाडी थांबवली, माझ्यासाठी अंजीर बर्फी घेतली. गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायलाच लागली. मी पाठीवर हात फिरवला. म्हटलं, आता कशाला रडतेस, काम फत्ते झालं.

तुमचा सल्ला मानला हो. काही राखलं नाही.

तुमची वहिनी

---

अल्फारेटा
१५ मार्च २०२५

ती. अक्कावहिनीस सा. न.

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. "जाऊन" लिहिलं त्याबद्दल रागावू नकोस.

पेपरातली बातमी यशोधननं दाखवली. तुझा फोटो सुरेख आलाय, दिवा हातात धरलेला. साडी खुलून दिसते.

एक लिहू? कायदा कुठल्या बाजूला झुकेल हे कुणाला सांगता येत नाही. आपण बोललो म्हणजे आपल्या मनासारखं होईलच असं नाही. माणसानं दोन्हीची तयारी ठेवावी. तू एप्रिल-मे इकडे माझ्याकडे काढ. हवा चांगली असते, मागच्या अंगणात बसून बोलू. शैलजालाही जरा एकटीनं राहू दे. तिला काही कामं उरकायची असतील.

नक्की ये. नाही म्हणू नकोस.

तुझी वीणा

---

॥ श्री ॥

डब्लिन
२२ एप्रिल २०२५

चि. सौ. वीणावन्सं यांस खूप खूप आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी बेसन भाजतेय. हाताला तूप लागलंय, डाग पडला तर समजून घ्या.

कायदा झाला! आणि तुम्ही मला कळवलं नाहीत! एवढं वाचता तुम्ही. मला कळलं ते देवळात, तो हेमचंद्र आहे ना, देवळापुढं मोटारी लावायची व्यवस्था बघतो तो, उंच, त्याच्याकडून. लांबूनच हात हलवून म्हणाला, "आजी, तुमच्या साक्षीवरून कायदा पास झाला की!" मागं गाड्या खोळंबल्या होत्या, त्याला धड बोलता येईना, पण एवढं म्हणाला की लोक त्याला आजींचाच कायदा म्हणतात. वन्सं, आपल्या घराण्यात कुणाच्या नावावर साधा रस्ता नाही, आणि माझ्या नावानं कायदा!

घरी येऊन सांगितलं तर शैलजा म्हणाली, "मला माहीत आहे, आई." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, योग्य वेळ बघत होते. घ्या. चांगल्या बातमीला कसली वेळ बघायची? पण मग मला वाटलं, हीसुद्धा दृष्टीला भीत असेल, बाईची जात.

नेत्रा कॉलेजातून आलीय, पण खोलीबाहेर येत नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. परीक्षा असेल. लाडू वळायला बोलावलं तर म्हणाली, "Aji, please don't make them." मी म्हटलं, डाएट तुझं, मला काय.

अक्षय्य तृतीयेला देवळात वाटणार आहे. त्या दिवशी दिलेलं क्षय पावत नाही. संस्थेत कॅरललाही न्यायचेत, आणि त्या गुलाबी कोटवाल्या बाईला पोस्टानं पाठवता येतील का ते यशोधनला विचारून कळवा.

तुमच्याकडे कशी येऊ? आता तर इथं राहायलाच हवं. सरकारनं माझा मान राखला, तर मी देवदत्तपासून लांब जाऊन बसू?

तुमची वहिनी

---

अल्फारेटा
२० मे २०२५

ती. अक्कावहिनीस सा. न.

अक्षय्य तृतीया होऊन किती दिवस झाले, तुझं पत्र नाही. शैलजाला फोन केला तर हो आणि नाही एवढंच बोलते. नेत्रा उचलत नाही.

वहिनी, तुला कळलं असेल तर, आणि तू माझ्यावर रागावली असशील तर, एवढंच म्हणते की कुणी तुझं वाईट चिंतलेलं नाही. तू चार वर्षं एका टाकीपुढे दिवा ओवाळत होतीस, ते आम्हाला लांबून बघवत नव्हतं. आता मोकळी होशील.

तू इकडे ये. यशोधन स्वतः न्यायला येतो म्हणतो.

तुझी वीणा

---

डब्लिन
२१ जून २०२५

वीणावन्सं यांस,

वर श्री घातलेली नाही, ते बघितलंच असेल. देवदत्त गेला. आता मीच तसं लिहिते.

लाडूंचं सांगते. डबा घेऊन देवळात गेले. पहिला हेमचंद्रला दिला. त्यानं अर्धा खाल्ला आणि म्हणाला, "आजी, लाडू कशाचे?" म्हटलं, कायद्याचे. उरलेला अर्धा त्याच्या हातात तसाच. म्हणाला, "आजी, अहो, तुमच्या मुलाला आता बाहेर काढायचंय ना? जून संपायच्या आत?" मग त्यानं मला जोड्यांच्या फळीपाशी बसवून सगळं सांगितलं. मेंबरांचं मोठ्या अक्षरांवर जवळजवळ ठरलं होतं. माझं ऐकल्यावर ती गुलाबी कोटवाली उठून म्हणाली, बघा, या आईला दर वर्षी तोंडावर नाही सांगितलं, कागद वाचून दाखवला, काही उपयोग झाला? अक्षरं कितीही मोठी करा, अशा आयांना कोण वाचवणार? म्हणून सगळंच बंद. माझ्यासारख्या आज्यांना कुणी फसवू नये म्हणून.

मला कोणी फसवलं, वन्सं? संस्थेनं नाही. कॅरल दर वर्षी खरं तेच सांगत होती.

लाडू तिथंच ठेवून घरी आले. शैलजा भेंडी चिरत होती. म्हटलं, तुला माहीत होतं मी काय बोलणार?

ती म्हणाली, "हो."

"म्हणून नेलंस?"

"हो."

सुरी खाली ठेवली नाही तिनं. म्हणाली, "मी तुम्हाला एक तरी अक्षर खोटं बोलायला सांगितलं का? तुम्ही खरंच बोललात. मी चार वर्षं रोज ऐकते ते त्यांनी एकदा ऐकलं."

मी म्हटलं, त्यानं स्वतः सही केली होती. ती म्हणाली, "घाबरला होता, आई. मीपण घाबरले होते, म्हणून हो म्हटलं. पण मी आता कोण आहे ते सांगा मला. हळदीकुंकवाला बायका बोलवायला कचरतात, आणि तुम्ही मला वटपौर्णिमा करायला लावता. या गावात वडसुद्धा नाही. ऑफिसच्या कुंडीतल्या झाडाला दोरा गुंडाळते मी, जेवायच्या सुट्टीत, कुणी बघत नाही ना ते बघून. मला रडायचं होतं. तुम्ही रडू दिलं नाहीत. रडले की म्हणायचात, अशुभ करू नकोस."

मग ती म्हणाली, "वीणाआत्यांना विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, तिला नुसतं बोलू दे, तेवढंच पुरे."

तुम्ही मला लिहिलंत, काही राखू नकोस. मी राखलं नाही. राखलं ते तुम्ही.

मी जेवण सोडलं. बोलणं सोडलं. माझ्यासारखीनं बोलणं सोडलं म्हणजे घराला कसं वाटत असेल ते तुम्हाला कळेल. काही दिवसांनी शैलजा माझ्यापुढं येऊन बसली. कॅरलचा निरोप होता. दुसऱ्या एका राज्यात अशीच संस्था आहे, ते देवदत्तला घ्यायला तयार आहेत, बायकोची सही लागेल. शैलजा म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी करते सही. पण मी तिकडं कधी जाणार नाही, आणि मी या घरात राहणार नाही. तुम्ही ठरवा."

एवढा मोठा निर्णय माझ्या पदरात टाकला तिनं. मी हो म्हणणारच होते, वन्सं. जीभ उचलली होती.

नेत्राला हाक मारली. तिला म्हटलं, बाळा, तुझ्या बाबांना दुसरीकडं न्यायचं तर लांब आहे. मी आज आहे उद्या नाही. मी नसेन तेव्हा तू जाशील का तिकडं? तो उठेल तेव्हा तू असशील का समोर? तिनं पायाच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "I don't know, Aji." तेवढं इंग्रजी मला येतं. त्या पोरीला मीच त्या दिवशी बजावलं होतं, एक शब्द गाळू नकोस. तेव्हापासून ती माझ्यासमोर धड उभी राहिलेली नाही. तिला मी काय म्हणणार?

मग मी मनात मोजून पाहिलं, कोण कोण आहे. शैलजा नाही. नेत्राचं नक्की नाही. तुम्ही नाही. मी तर नसणारच. त्याचा रोग बरा होईल, टाकी उघडतील, तो डोळे उघडेल, चष्मा मागेल. आणि आजूबाजूला सगळी परकी माणसं. "आई कुठाय" म्हणाला तर मराठी कळणारं सुद्धा कुणी नसेल तिथं. लहानपणी झोपेतून उठल्यावर घरात कुणी दिसलं नाही तर तो रस्त्यावर धावत सुटायचा.

मी शैलजाला म्हटलं, सही नको करूस.

लोक आता भेटायला येतात आणि म्हणतात, आजींनी शेवटी सत्य स्वीकारलं. कसलं सत्य? तो उठला असता. मला अजून काडीची शंका नाही. तुम्ही, शैलजा, नेत्रा, तिघींतली एक जण जरी म्हणाली असती की मी थांबते, तर मी त्याला पाठवला असता. कुणी म्हणालं नाही.

मागल्या सोमवारी दहन झालं. मला तोंड बघू दिलं नाही. कॅरल आली होती, ती म्हणाली, नका बघू. तिनं माझी माफी मागितली. तिनंच का मागावी, मला समजलं नाही. भट्टीचं बटण नेत्रानं दाबलं. शैलजा मोठ्यानं रडली, चार वर्षांचं सगळं, भिंतीला धरून. मी तिला अडवलं नाही. मला रडू आलं नाही. मी बाहेर बाकावर बसून धुरांड्याकडे बघत होते, तर धूरसुद्धा दिसत नाही इथं.

शैलजा घरातच आहे. मंगळसूत्र तिनं अजून काढलेलं नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. दोन ताटं समोरासमोर मांडते, मीठ लागलं तर सरकवते. मला गाडी चालवता येत नाही, दुकानात बोलता येत नाही, ती माझं सगळं करते. करत राहील. दोघींना तेवढंच उरलंय.

तुमच्याकडे मी येणार नाही. तुम्हाला यात काही पाळायचं नाही. चार वर्षांपूर्वी बातमी कळली त्याच दिवशी तुम्ही डोक्यावरून पाणी घेतलं होतंत, शैलजानं तेही सांगितलं. माझं सुतक आत्ता चालू आहे.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. असलं पत्र घरात ठेवत नाहीत.

अनसूया